मी हसले, ती सुग्गी

जानेवारी लागला की नरसीपूरच्या रस्त्यावर जागोजागी डांबर दिसेनासं होतं. शेतकरी कापलेली हुरळी, म्हणजे आपले कुळीथ, रस्त्यावर पसरून ठेवतात आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांकडून फुकटात मळून घेतात. चाकांखाली कुरकुर आवाज होतो, काचेवर भुसा उडतो आणि उन्हात तापलेल्या वाळक्या शेंगांचा खमंग, जरासा तुरट वास गाडीत शिरतो. बसवाले शिव्या घालतात. मोटरसायकलवाले दोन्ही पाय खाली सोडून जपून जातात. माझी मुलगी अंबी मात्र असा पसारा दिसला की मोटारीचा वेग कमी करते, काच खाली घेते आणि कान देऊन ऐकते.

"अम्मा, ऐक," ती म्हणते. "टायरला पकड मिळत नाही तेव्हा असाच आवाज येतो."

मी हो म्हणते. मांडीवर जेवणाचा डबा असतो, आत गरम भात आणि सारू, तुमचं सार. मागच्या सीटवर तिचं फावडं, दोऱ्या, झेंड्यांचं गाठोडं. आम्ही सोसले गावाच्या अलीकडच्या एका शेताकडे चाललेल्या असतो. तिथं ती दरवर्षी मोटरसायकलच्या शर्यतीसाठी मातीचा ट्रॅक बांधते.

या दिवसांना आमच्याकडे सुग्गी म्हणतात. तुमचीच सुगी, मधल्या ग वर जरा जोर द्यायचा एवढंच. भात घरात आलेलं असतं, नाचणीची खळी चालू असतात, देवराज मार्केटच्या बाहेर अवरेकाईचे, म्हणजे पावट्याच्या शेंगांचे, हिरवे ढीग लागतात आणि अख्ख्या मैसूरला त्या शेंगांचा वास येतो. सकाळी धुकं, दुपारी कोवळं ऊन. मला हे दिवस मनापासून आवडतात, आणि आवडतात याचीच लाज वाटते. अशाच एका सुग्गीत माझ्या मुलीचं शर्यतीतलं आयुष्य संपलं, आणि तेव्हापासून ती माझ्या शेजारी आहे.

आम्ही मैसूरचे मराठे. कुणी एक पूर्वज घोडा घेऊन राजाच्या फौजेत आला आणि इथलाच झाला. घोडे केव्हाच गेले, भाषा मात्र अर्धीमुर्धी राहिली. "अजून स्वल्प भात घाल," असं आमच्या घरात म्हणतात आणि कुणाला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही. मी आयुष्यभर कन्नड शाळेत गणित शिकवलं. मराठी वाचायला शिकवलं ते माझ्या सासऱ्यांनी, रोज संध्याकाळी, जुनी मासिकं पुढ्यात ठेवून. अंबीच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. ती पहिल्यांदा पुण्याला शर्यतीला गेली तेव्हा तिथल्या मुली तिला म्हणाल्या, "तू मराठी आहेस? मग अशी का बोलतेस?" अंबीनं त्यांना सांगितलं, "आमचं मराठी घोड्यावरून पडलंय. जरा लंगडतं."

माझे यजमान गावातल्या मोटरसायकलच्या कारखान्यात इंजिन जोडायचे. ती गाडी साऱ्या देशात धडधडत जायची आणि तिचा जन्म आमच्या मैसूरचा, याचा त्यांना फार अभिमान. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत गॅरेज काढलं. अंबी त्या गॅरेजातच चालायला शिकली. पेट्रोलच्या टाकीवर बसवून ते तिला गल्लीतून फिरवायचे, आणि घरी आली की तिच्या केसांना ऑइलच्या धुराचा वास यायचा. खोबरेल लावून मी तो वास काढायला बघायची. तो कधी पुरता गेला नाही.

संक्रांतीला आम्ही यजमानांच्या दोस्ताकडे, सिद्दप्पांच्या गावी जायचो. त्या संध्याकाळी तिथं गुरांना रंगवून, शिंगांना फुगे बांधून, रस्त्यात पेटवलेल्या गवतावरून उडी मारायला लावतात. किच्चु हायिसोदू म्हणतात त्याला. पोरं किंचाळत मागे पळायची. लहानगी अंबी मात्र आगीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहायची. एकदा एका खोंडानं उडी मारली तेव्हा ती माझा हात ओढून म्हणाली, "अम्मा, त्याचे चारी पाय वर होते. चारी!" मी तिला मागे खेचलं. तिनं काय पाहिलं होतं ते मी पाहिलं नाही. मी फक्त आग पाहिली.

पुढे सिद्दप्पांच्याच शेतात तिचा मोटरसायकलचा सराव सुरू झाला. भात कापल्यावर कालव्याला पुन्हा पाणी सुटेपर्यंत शेत मोकळं असायचं. बापलेकींनी बांध फोडून, माती लोटून उंचवटे केले. सिद्दप्पा बांधावर बसून ऊस सोलत बघायचे आणि म्हणायचे, "यंदा नांगर नको मला, तुझी मुलगी आहे." अंबी आधी मुलांबरोबर शर्यतीत उतरली, कारण मुलींचा वेगळा गट नव्हताच. मग तो निघाला आणि ती कोइमतूरला, पुण्याला, गोव्याला जाऊ लागली. तिच्या तळहातांना घट्टे पडले. गॉगल काढला की डोळ्यांभोवती गोरा गोल आणि बाकी चेहरा लाल. तिचे कपडे तीन-तीन वेळा धुतले तरी बादलीत लाल पाणी निघायचं.

मी मात्र एकदाही शर्यत बघायला गेले नाही. "मला होत नाही," म्हणायची. खरोखरच होत नसे. ती ज्या दिवशी पळायची त्या दिवशी मी घरातली सगळी भांडी काढून घासायची. फोन वाजला की हात थरथरायचे. एकदा तिच्या खांद्याचं हाड मोडलं, एकदा मनगट. प्रत्येक वेळी मी म्हणायची, "पुरे झालं आता." ती हसायची. जाताना वाकून नमस्कार करायची, तेव्हा तिच्या डोक्यावर ठेवलेला हात मी पटकन काढत नसे. तिलाच मान वाकडी करून निसटावं लागायचं. मुलगी निघाली आहे आणि आईच्या डोळ्यांत पाणी आहे, अशीच आमच्या दाराची सवय होऊन गेली होती.

मग ती सुग्गी आली.

त्या हंगामात अंबी सुसाट सुटली होती. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या फेरीपासून पुढे होती, आणि कोइमतूरची फेरी जिंकली तर देशाची विजेती होणार होती. त्याआधी यजमान मला बेट्टदपुरला घेऊन गेले. डोंगरावरच्या देवाला सांगू, म्हणाले. पायऱ्या चढताना ते गुडघे धरत होते आणि तरी भराभर चालत होते. गाभाऱ्यासमोर त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले. मीही हात जोडले. काय मागावं तेच मला सुचेना. जिंकू दे म्हणावं तर ती आणखी पळणार. थांबव म्हणावं तर आईच्या तोंडून हे कसं निघावं? मी नुसती उभी राहिले. पुजाऱ्यानं हातावर तीर्थ घातलं ते बोटांतून गळून गेलं. खाली उतरताना यजमानांनी विचारलं, "काय मागितलंस?" मी म्हटलं, "तुम्ही मागितलं तेच." नंतर कितीदा तरी मनात आलं की देवाला न बोललेलंच नीट ऐकू गेलं असेल.

ती जिंकली. कोइमतूरहून फोन आला, मागे नुसता गोंगाट होता आणि अंबी ओरडत होती, "अम्मा, आयतु! झालं!" मी कूकरचा गॅस बंद केला आणि तिथंच ओट्याला टेकून रडले. शेजारच्या बायका पेढे मागायला आल्या. शाळेतल्या माझ्या सहकारी शिक्षिकांनी मला हार घातला. मलाच! मी काय केलं होतं? भांडी घासली होती.

संक्रांतीच्या सुमारास गावकऱ्यांनी ठरवलं की आपल्या पोरीचं कौतुक करायचं. सिद्दप्पांच्या शेताजवळच्या माळावर एक दिवसाची शर्यत ठेवली. तिचे गुण कुठेही मोजले जाणार नव्हते. नुसती मौज. "आता तरी ये," यजमान म्हणाले, "विजेतीची आई म्हणून ये."  अंबी चपातीचा तुकडा ताटात फिरवत होती. मला वाटलं, माझ्या उत्तराची वाट बघते आहे. मी येते म्हटलं.

माळावर जत्रा भरली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर बायका पोरं घेऊन बसलेल्या, ऊस चघळणारी म्हातारी माणसं, काकडीला तिखटमीठ लावून विकणारे. माईकवर कुणीतरी अंबीचं नाव पुन्हापुन्हा घेत होतं. मला पुढे खुर्ची दिली. पाय पोटाशी घेऊन बसावंसं वाटत होतं, पण अंगावर नवी साडी आणि गळ्यात हार होता. एकदम गाड्या सुटल्या. छातीत घुसणारा आवाज, मग धुळीचा लाल पडदा. समोर मातीचा मोठा उंचवटा होता, वर सपाट आणि पलीकडे उतार. त्या पडद्यातून अंबी वर आली.

मी मुलांना आयुष्यभर फळ्यावर ती कमान काढून दाखवली आहे. वर फेकलेली वस्तू कशी जाते, कुठं क्षणभर थबकल्यासारखी वाटते, कशी उतरते. खडूनं काढलेली ती रेघ त्या दिवशी माझ्या मुलीनं हवेत काढली. गाडी तिच्या अंगाखाली किंचित कलली, तिनं ती गुडघ्यांनी सरळ केली, जसा मी लहानपणी तिचा फ्रॉक ओढून सरळ करायची. घाई अजिबात नव्हती. त्या क्षणी मी घाबरले नाही. हे असं असतं, एवढी वर्षं मला कुणी का नाही सांगितलं, असं वाटलं. सांगितलं होतं अर्थात. तिनंच कितीदा तरी सांगितलं होतं.

पुढच्या फेरीत ती त्याच उंचवट्यावर आली आणि पलीकडे उतरताना गाडीचं पुढचं चाक मऊ मातीत रुतलं. कुणाचा धक्का नाही, कुणाची चूक नाही. ती पुढे फेकली गेली आणि गाडी तिच्या डाव्या पायावर आली. माईकवरचा माणूस अजून तिचं नाव घेतच होता. मी उठले आणि खुर्ची पडली, एवढंच मला आठवतं. तिथवर कशी पोहोचले ते आठवत नाही. हेल्मेटच्या आत तिचे डोळे उघडे होते आणि ती म्हणत होती, "बूट काढू नका, बूट काढू नका."

मैसूरच्या दवाखान्यात मांडीच्या हाडात सळी घातली. घोट्याचे तुकडे झाले होते, ते जुळवून बसवले. त्यानंतर एका सकाळी डॉक्टर आले. अंबी शुद्धीवर होती, उशाला टेकून बसली होती. यजमान खिडकीपाशी, मी पलंगाच्या पायथ्याशी. डॉक्टर कन्नडात म्हणाले, "नडीताळे. चालेल ती. पण हा घोटा पुन्हा वाकणार नाही. शर्यत विसरायची."

आणि मी हसले.

मोठ्यानं नाही. ओठ आपोआप ताणले गेले, छातीतून काहीतरी सुटलं, शाळा सुटल्याची घंटा व्हावी तसं. चालेल, एवढंच ऐकून हसले, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले. ते खरं नाही. शर्यत विसरायची, हे ऐकून हसले. अंबी माझ्याकडेच बघत होती.

"अम्मा," ती म्हणाली, "तू हसत्येस."

मी तोंडाला पदर लावला. यजमानांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. त्या दिवशी घरी जेवायला बसले तेव्हा एकच वाक्य बोलले, "झालं ना तुझ्या मनासारखं?" त्याबद्दल पुन्हा कधीच बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले तरी असते.

पुढची वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं बरंच आहे, पण मला तुकडेच आठवतात. पांगुळगाडा धरून अंगणात चालणारी अंबी. तिच्या मांडीवरचा लांब व्रण, त्याला मी कोमट एरंडेल लावायची आणि ती छताकडे बघत पडून राहायची. दोन वेण्या घालून देऊ का विचारलं की हो म्हणायची. मोठी मुलगी, देशाची विजेती, माझ्यापुढे पाट घेऊन बसायची आणि मी तिच्या केसांत तेल घालायची. आता त्या केसांना कसलाही वास नव्हता. मला त्या दुपारी किती सुखाच्या वाटायच्या! फोन वाजला तरी हात थरथरत नसत. मग यजमान गॅरेजातून पाणी प्यायला आत येत, आम्हाला तसं बसलेलं बघत आणि पाणी न पिताच परत जात. माझा हात तिच्या डोक्यावर तसाच थांबायचा.

अंबी घरात बसून राहणारी नव्हती. डावा पाय ओढत ती उठली आणि ट्रॅक बांधायला शिकली. आता नव्या पोरापोरींना ज्या मातीवर पळायचं असतं ती माती अंबी घडवते. कुठं किती चढ, उतार किती लांब, कुठं पाणी मारायचं. जेसीबीवाल्याला हातवारे करून सांगते, मग स्वतः लंगडत जाऊन उतरणीची माती टाचेनं दाबून बघते. त्याच पायाच्या, ज्याचा घोटा वाकत नाही. पुण्याहून बोलावणी येतात, कोइमतूरहून येतात. सगळे तिला अंबी अक्का म्हणतात. कुणी विचारलं की पुन्हा का नाही पळालीस, तर ती म्हणते, "अम्माला नको होतं." लोक माझ्याकडे बघून समजुतीनं मान हलवतात. मी खाली बघते. बरोबरच होतं तिचं म्हणणं. माझ्या वाट्याचं होतं ते, मी घेत होते.

यंदाच्या सुग्गीत एका दुपारी आम्ही दोघी अवरेकाईचे दाणे सोलत बसलो होतो. भिजवलेला दाणा चिमटीत दाबला की साल बोटांत राहते आणि दाणा टुणकन उडून भांड्यात पडतो. लहानपणापासून अंबीला हे काम आवडतं. पुढच्या खोलीत यजमानांचं वेल्डिंग चालू होतं, दाराच्या फटीतून निळा उजेड येत होता.

"मांडीतली सळी काढली ना," अंबी म्हणाली, "तर डॉक्टर म्हणतात, हाड चांगलं भरलंय. हळू चालवायला हरकत नाही."

माझी चिमटी थांबली. "काय चालवायला?"

"गाडी, अम्मा. माझी गाडी. अप्पा गिअरचा दांडा बदलून देतायत, टाचेनं दाबायचा."

म्हणजे तो निळा उजेड त्याचा होता. घरात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या जिभेवर नेहमीचं आलं होतं, पुरे झालं आता. मी ते गिळलं, आणि गिळताना त्याच्या जागी दुसरंच बाहेर आलं.

"अंबी, त्या दिवशी मी हसले होते."

"गोत्तु, माहीत आहे. मी बघितलं की."

"शर्यत संपली म्हणून हसले होते. तुझा पाय मोडला होता आणि मी..." 

"सुम्मने इरु, अम्मा. गप्प बस आणि ऐक." अंबीनं हातातली सालं ताटलीत टाकली. "त्या सकाळी माळावर जायच्या आधी मी सिद्दप्पांच्या गोठ्यामागे ओकले होते. कोइमतूरला पण. गोव्याला पण. त्या वर्षी दर शर्यतीआधी. जिंकल्यावर वाटलं, आता तरी थांबेल. तर सगळे म्हणायला लागले, पुढच्या वर्षी पण हिचंच. मला कळेना, थांबायचं कसं. मग डॉक्टर म्हणाले, विसरायचं. आणि तू हसलीस." तिनं ताटली बाजूला सरकवली. "मला फार राग आला तुझा. किती दिवस कळलंच नाही कसला राग. मला हसायचं होतं, अम्मा. तू आधी हसलीस."

बाहेरचं वेल्डिंग थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"मग लोकांना सांगतेस ते? अम्माला नको होतं म्हणून?"

"सोपं होतं ते. अप्पांना मी काय सांगणार होते, की तुमची मुलगी घाबरते? तुझ्यावर ढकललं. तू पण काही बोलली नाहीस. चुकलं माझं."

तिनं हे अगदी साधेपणानं म्हटलं. मला हलकं वाटायला हवं होतं. एवढी वर्षं जे ओझं उचललं त्यातलं अर्धं तिनं आपलं म्हणून काढून घेतलं होतं. पण मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला ते गोठ्यामागचं दिसलं. भिंतीला हात टेकून वाकलेली माझी पोर, आणि तिची आई त्याच वेळी घरी नवी साडी नेसत होती.

"अगं, मग मला का नाही सांगितलंस? एवढी भीती वाटत होती तर?"

अंबी हसली, तिच्या जुन्या पद्धतीनं. "तुला? तू आधीच इतकी घाबरलेली असायचीस. त्यात माझी भीती कुठं ठेवली असती तू?"

तिनं पुन्हा दाणे सोलायला घेतले. टुण, टुण, भांड्यात पडत राहिले. मला मात्र एकही दाणा सुटेना.

तेव्हापासून मी याचाच विचार करते आहे. मला वाटायचं, माझा गुन्हा त्या हसण्यात आहे. ते हसणं फार तर एका श्वासाचं होतं. त्याआधीची सगळी वर्षं मी घाबरत होते, मन लावून, उघडपणे, जणू घाबरणं हेच आईचं काम. दारातलं माझं रडणं, थरथरणारे हात, घासलेली भांडी. माझ्या भीतीनं घर असं भरून गेलं होतं की अंबीला आपली भीती गोठ्यामागे नेऊन ओकावी लागली. ती निघताना हसायची ते धीट होती म्हणून, असं मी समजायचे. ती माझ्यासाठी हसत होती. तिला समजून घ्यायला मला एक प्रश्न पुरला असता. मी रोज शाळेत परक्या मुलांना विचारायची, काय रे, कुठं अडलं? घरी कधी विचारलं नाही.

याची माफी कशी मागतात मला माहीत नाही. तिनं माझ्याकडून मागितलीही नाही.

काल आम्ही तिघं शेतावर गेलो. यंदाचा ट्रॅक तयार आहे, शर्यतीचे लोक पुढच्या आठवड्यात येतील. सकाळी पाणी मारलेली लाल माती दुपारपर्यंत वाळून तिच्यावर बारीक भेगा पडल्या होत्या. सिद्दप्पा आता नाहीत. त्यांचा मुलगा तालुक्याला गेला होता, शेतात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. भाताच्या खुंटांवर बगळे उतरले होते. यजमानांनी ट्रॉलीतून गाडी उतरवली, नवा दांडा दोनदा हातानं दाबून बघितला आणि बाजूला झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या नजरेत राग नव्हता, विनंती होती. त्यांना वाटलं, मी आता काही बोलणार.

अंबीनं छातीवरचं चिलखत घातलं, गुडघ्याचे पट्टे ओढले. डावा बूट चढवायला तिला जमेना, तेव्हा मी खाली बसून तो ओढून चढवला, बकलं लावली. वर पाहिलं तर तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिनं इकडेतिकडे बघितलं. आपल्या बापाकडे पाठ फिरवली आणि मला ऐकू येईल एवढंच म्हणाली, "अम्मा, भय होतंय."

मग नको जाऊ. ओठांपर्यंत आलं होतं. आयुष्यभर तेवढंच तर पाठ केलं होतं. माझ्याही पोटात गोळा उठला होता, पण तो माझा होता. मी तो तिथंच राहू दिला.

"हो का?" मी विचारलं. "कुठं होतंय?"

तिनं माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवला, चिलखताच्या खाली, जिथं कापड घामानं ओलं झालं होतं. आतलं सगळं पक्ष्यासारखं फडफडत होतं. मी हात काढला नाही आणि दाबलाही नाही. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. थोड्या वेळानं फडफड जराशी मंदावली. थांबली नाही.

"अजून आहे," ती म्हणाली.

"असू दे," मी म्हटलं. "मी इथं आहे. आल्यावर सांग, किती उरली ते."

अंबीनं गॉगल खाली ओढला, उजव्या पायानं किक मारली आणि गाडी सुरू झाली.